‘सर्व भाग मूळचे’ म्हणजे नेमके किती? जुने मनगटी घड्याळ ऑनलाइन घेणाऱ्यासाठी

तुम्ही विचारले आहे ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. १९६० च्या दशकातले एक ओमेगा सीमास्टर तुम्हाला ऑनलाइन विक्रीला दिसले आहे. स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे), तारीख दाखवणारे, पोलादी केसचे (केस म्हणजे यंत्र ज्यात बसते ते बाहेरचे कवच). विक्रेता दुसऱ्या देशात आहे. वर्णनात ‘सर्व भाग मूळचे, नुकतेच सर्व्हिसिंग झालेले’ एवढेच लिहिले आहे. छायाचित्रे चार आहेत आणि चारही समोरून घेतलेली आहेत. तबकडी नव्यासारखी चकचकीत दिसते, किंमत इतर ठिकाणांपेक्षा थोडी कमी आहे, आणि संग्रहासाठी घेतलेले हे तुमचे पहिलेच जुने घड्याळ असेल. हे अस्सल आहे का आणि घ्यावे का, हा तुमचा प्रश्न.

अस्सल की नकली ही विभागणी नव्या घड्याळांना जितकी लागू पडते तितकी जुन्यांना पडत नाही. या वर्गात संपूर्ण बनावट घड्याळ त्या मानाने कमी सापडते. वारंवार सापडते ते अर्धसत्य. यंत्र ओमेगाचे, केसही ओमेगाची, पण दोन निरनिराळ्या घड्याळांतली. तबकडी मूळची, पण तिच्यावरचा रंग आणि अक्षरे कुणीतरी अलीकडे नव्याने चढवलेली. काटे तिसऱ्याच मॉडेलचे आणि लांबीला जेमतेम पुरणारे. असे घड्याळ पुढ्यात ठेवून ‘हे अस्सल आहे का’ असे विचारले, तर प्रामाणिक माणूससुद्धा ‘हो’ म्हणून मोकळा होईल. म्हणून साठ वर्षांच्या घड्याळाबाबत मी प्रश्न असा विचारतो: कारखान्यातून जे बाहेर पडले त्यापैकी आज किती शिल्लक आहे, आणि जे शिल्लक नाही त्याची दखल वर्णनात व किमतीत घेतलेली आहे का?

याचे उत्तर काही अंशी तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. घड्याळ रोज बांधायचे असेल, तर बदललेली चावी (बाजूची फिरवायची कळ), नवी काच आणि घासून उजळलेली केस यांनी काही बिघडत नाही, उलट सोयच होते. संग्रहासाठी घ्यायचे असेल, तर यातल्या प्रत्येक बदलाने मोल कमी होते, फक्त किती कमी होते ते भागागणिक वेगळे असते. मी दोन्ही प्रकारची घड्याळे आनंदाने बाळगली आहेत. पश्चात्ताप झाला तो पहिल्या प्रकारचे घड्याळ दुसऱ्या प्रकारच्या किमतीला घेतले तेव्हा.

पाहण्याचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी तबकडी, मग केस, आणि त्यानंतर यंत्र. नवखा संग्राहक बहुधा उलट जातो, कारण ‘चालते का’ हा प्रश्न साहजिकच पहिल्यांदा मनात येतो. परंतु यंत्र दुरुस्त होऊ शकते. ओमेगाची ५५० मालिकेतली यंत्रे फार मोठ्या संख्येने बनली, त्यांचे भाग आजही जुन्या यंत्रांतून काढून मिळतात आणि जाणकार घड्याळजीला ती ओळखीची असतात. केस घासली गेली की गेलेला धातू परत येत नाही, तरी उरलेल्या आकाराला शोभा असू शकते. तबकडी मात्र पुन्हा रंगवता येते, परत आणता येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने घड्याळाच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्यातच असतो.

म्हणूनच तुमच्या छायाचित्रांतली आरशासारखी तबकडी पाहून मला आनंदापेक्षा सावधपणा अधिक वाटतो. साठ वर्षांत वरचा लाखेचा थर सहसा थोडा पिवळतो, कडेशी बारीक ठिपके येतात, ओल शिरली असेल तर डाग पडतो. कपाटात बंद राहिलेले एखादे घड्याळ खरोखरच निष्कलंक निघते, तशी मी पाहिली आहेत. त्यामुळे स्वच्छता हा दोष नाही, पण ती पुरावाही नाही. पुरावा छपाईत असतो. मूळ तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली धारदार, सारख्या जाडीची आणि पृष्ठभागापासून किंचित उठलेली दिसतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर, जिला संग्राहक ‘रिडायल’ म्हणतात, अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात, ओळ एका बाजूला झुकते, तिरप्या लिपीतल्या ‘सीमास्टर’च्या पहिल्या अक्षराचे वळण आखूड किंवा लुळे पडते. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांच्या बरोबर मध्याशी येतात का ते पाहा. सहाच्या खाली, अगदी कडेला, ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे असायला हवीत. रंगवणारा ती कधी विसरतो, तर कधी जरा वर सरकवतो. तासांच्या धातूच्या खुणा तबकडीत बसवलेल्या असतात, आणि त्या न काढताच रंग फवारला असेल तर त्यांच्या पायथ्याशी रंग साचलेला दिसतो. तारखेच्या खिडकीच्या कडाही पाहा, तिथे रंगाचा जाड ओठ बऱ्याचदा राहून जातो.

हे सगळे ताडायचे तर तुलनेला दुसरे काही हवे. त्याच संदर्भ-क्रमांकाच्या (कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या क्रमांकाच्या) एका घड्याळाशी तुलना पुरत नाही, कारण ते एकही रंगवलेले असू शकते, आठ-दहा पाहावीत. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीची छायाचित्रे यासाठी उपयोगी पडतात, मात्र त्यांनाही वेदवाक्य मानू नये. ते का, ते पुढे सांगतो.

तबकडीवर किंवा काट्यांवर अंधारात उजळणारा लेप असेल, तर तो वय सांगतो. साधारण १९६० पर्यंत रेडियम वापरले जाई, त्यानंतर ट्रिटियम आले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत राहिले. ट्रिटियमच्या तबकडीवर पुष्कळदा ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असते, जरी बदलाच्या सुरुवातीच्या काळात ते नेहमी दिसत नाही. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. म्हणजे १९६५ च्या घड्याळात आज मूळ ट्रिटियमपैकी जेमतेम ३ टक्के उरले असणार. लख्ख उजेडातून अंधारात नेल्यावर असा लेप क्षणभर फिकट उजळला तर समजण्यासारखे आहे. पण तो बराच वेळ ठळक हिरवा चमकत राहिला, तर तो नंतर भरलेला आहे. रेडियमची गोष्ट वेगळी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असल्यामुळे त्यातला प्रकाश देणारा पदार्थ जळून निकामी झाला तरी किरणोत्सर्ग चालूच राहतो. १९५० च्या दशकातले घड्याळ घेतले, तर ते घरी उघडून लेप खरवडण्याचा मोह टाळा. त्याची भुकटी श्वासातून आत जाणे हाच खरा धोका आहे. आणखी एक बारकावा असा की काट्यांवरचा आणि तबकडीवरचा लेप हुबेहूब एकाच छटेचा असेलच असे नाही, पण एक मधाळ तपकिरी आणि दुसरा पांढराशुभ्र, असे दिसले तर काटे बदलले आहेत किंवा पुन्हा भरले आहेत.

केसकडे वळू. समोरून काढलेली छायाचित्रे इथे निरुपयोगी आहेत, बाजूने काढलेली हवीत. पट्टा जिथे अडकतो ते चार कान पाहा: त्यांच्या कडा धारदार आहेत का, वरचा घासलेला पृष्ठभाग आणि बाजूचा चकचकीत पृष्ठभाग यांच्यामधली रेघ स्पष्ट आहे का, चारही कान सारख्याच जाडीचे आहेत का. वारंवार पॉलिश झालेल्या केसचे कान साबणाच्या वडीसारखे गोल होतात. सीमास्टरच्या मागच्या झाकणावर समुद्री घोडा कोरलेला असेल तर त्याच्या आयाळीच्या रेषा मोजता येतात का ते पाहा, कारण पॉलिशमध्ये सर्वांत आधी त्याच पुसल्या जातात. काच मात्र मनावर घेऊ नका. त्या काळची काच अॅक्रिलिकची असे, ती ओरखडते आणि बदलली जाते. मूळ ओमेगा काचेच्या मध्यभागी भिंगातून दिसेल इतके बारीक कंपनीचे चिन्ह असते, ते नसले तरी घड्याळाचे मोल फारसे घटत नाही. चावीवर ओमेगाचे चिन्ह नसणे याहून थोडे अधिक महत्त्वाचे, पण तेवढ्यावरून घड्याळ नाकारू नये.

आता यंत्र. मागचे झाकण उघडून काढलेले छायाचित्र विक्रेता देणार नसेल, तर मी ते घड्याळ घेत नाही, आणि या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही. हा नियम मी किंमत मोजून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी हाताने चावी देण्याचे एक घड्याळ केवळ सुंदर तबकडी पाहून घेतले. ते हाती आले तेव्हा उत्तम चालत होते. उघडल्यावर दिसले की केसच्या मानाने लहान असलेले दुसरेच यंत्र प्लास्टिकच्या कड्यात बसवले होते, आणि तबकडीचे मागचे दोन्ही पाय, म्हणजे तिला यंत्रात धरून ठेवणाऱ्या खुंट्या, छाटून ती चिकटपट्टीने त्यावर डकवली होती. विक्रेत्याने ‘चालू’ लिहिले होते आणि ते खोटे नव्हते.

उघडलेल्या यंत्राच्या छायाचित्रात काय वाचायचे? प्रथम आकडे. ओमेगाने १९६२ च्या सुमारास संदर्भ-क्रमांकांची नवी पद्धत आणली, आणि तिच्यात पहिले तीन आकडे बोलके असतात: पुरुषांच्या घड्याळात १६६ म्हणजे स्वयंचलित, तारखेचे व पाणी रोखणारे, १६५ म्हणजे तसेच पण तारखेशिवाय, १३५ म्हणजे हाताने चावी देण्याचे. हा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. आत १६५ असेल आणि तबकडीत तारखेची खिडकी असेल, तर दोहोंपैकी एक बाहेरून आलेले आहे, मग वर्णनात काहीही लिहिलेले असो. यंत्रावर त्याचा प्रकार आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. तारखेच्या सीमास्टरमध्ये सहसा ५६२ किंवा ५६५ प्रकारचे यंत्र आढळते. यांपैकी ५६५ मध्ये चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढली की तारीख एकेक पुढे सरकते, ५६२ मध्ये ती काटे फिरवूनच बदलावी लागते. विक्रेत्याकडून चलचित्र मागवले तर हेही पडताळता येते. अनुक्रमांकावरून साल अदमासे निघते, अगदी नेमके नाही: २ कोटी ४० लाखांच्या आसपासचा क्रमांक १९६० च्या दशकाच्या मध्याकडे बोट दाखवतो. क्रमांक आणि केस यांच्यात एक-दोन वर्षांचा फरक पडला तर बिचकू नका, यंत्रे बनून काही काळ पडून राहत; दहा वर्षांचा फरक पडला तर थांबा.

मग रंग. त्या काळातली ओमेगाची यंत्रे तांबूस झळाळीची असतात. यंत्राची एखादी पट्टी (चाके जागी धरून ठेवणारा धातूचा तुकडा) शेजारच्या पट्टीपेक्षा वेगळ्या छटेची दिसली, तर ती दुसऱ्या यंत्रातली असण्याची शक्यता असते. स्क्रूंच्या माथ्यांवरच्या खाचा चिंबलेल्या असतील, तर अकुशल हात फिरले आहेत. चावीच्या दांड्याजवळचा गंज म्हणजे तिथून ओल शिरली होती. झाकणाच्या आत घड्याळजींनी सुईने खरडलेल्या बारीक खुणा दिसल्या तर मात्र मला बरे वाटते, कारण कुणीतरी या घड्याळाची वेळोवेळी काळजी घेतल्याची ती साक्ष असते.

‘नुकतेच सर्व्हिसिंग झाले’ या वाक्याला मी स्वतंत्र किंमत देत नाही. त्याचा अर्थ यंत्र पूर्ण सुटे करून, धुऊन, प्रत्येक सांध्याला योग्य ते तेल दिले असा होऊ शकतो, आणि झाकण उघडून एक थेंब तेल सोडले असाही. म्हणून विचारावे: कधी, कुणी, कोणते भाग बदलले, पावती आहे का? टाइमग्राफरच्या, म्हणजे टिकटिक ऐकून यंत्राची चाल मोजणाऱ्या उपकरणाच्या, पडद्याचे छायाचित्र मागावे. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी यंत्राचा झोका, म्हणजे त्यातले तोलचक्र मध्यापासून एका बाजूला जितके फिरते तो कोन, तबकडी वर ठेवल्यावर साधारण २७० ते ३०० अंशांचा असतो. घड्याळ उभे धरल्यावर तो ३०-४० अंशांनी उतरतो, ते स्वाभाविक आहे. आडवे असतानाच तो २२० च्या खाली असेल, तर ते सर्व्हिसिंग फक्त कागदावर झाले असे समजा. टिक आणि टॉक यांच्यातला फरक, म्हणजे बीट एरर, १ मिलिसेकंदाच्या आत असावा. ही मोजणी ज्या लिफ्ट अँगलवर (प्रत्येक टिकेला तोलचक्राला ढकलणी मिळते तेवढ्या कोनावर) केली तो यंत्रागणिक बदलतो आणि चुकीचा धरला तर झोक्याचा आकडा फसवा येतो, म्हणून पडद्यावर तोही दिसायला हवा. घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावत असेल, तर ते केवळ चुंबकित झालेले असू शकते. तो दोष काही सेकंदांत जातो आणि त्याच्या जोरावर किंमत कमी करून घेता येते. अशा घड्याळासाठी मी हिशेब करताना सर्व्हिसिंगचा खर्च नेहमी किमतीत मिळवूनच धरतो, विक्रेता काहीही म्हणो. तुमच्या बाबतीत दिसणारी थोडी कमी किंमत या एका खर्चातच बहुधा संपून जाईल.

कागदपत्रांबद्दल थोडे, कारण त्यांच्यावर भाबडा विश्वास ठेवला जातो. पाटेक फिलिपसारखी कंपनी जुन्या नोंदींवरून उतारा देते. रोलेक्स तसा देत नाही. उतारा क्रमांकांची खात्री करतो, पण आजची तबकडी आणि काटे तेच आहेत याची नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगा स्पीडमास्टरचे २९१५-१ हे सुरुवातीचे मॉडेल ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले, आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगानेच ते निरनिराळ्या ठिकाणचे भाग जोडून तयार केलेले असल्याचे सांगितले. लिलावगृहांची छायाचित्रे वेदवाक्य मानू नयेत असे मघाशी म्हटले ते यासाठी. तिथे तज्ज्ञ होते, सूक्ष्मदर्शक होते, दस्तऐवज होते. तुमच्या-माझ्याकडे चार छायाचित्रे आहेत.

विक्रेत्याची पारख वस्तूइतकीच महत्त्वाची असली तरी त्यात सांगण्यासारखे कमी आहे. प्रतिक्रिया वाचताना त्याने पूर्वी घड्याळेच विकली आहेत का ते पाहा. फोनची आवरणे विकून मिळवलेल्या शंभर चांगल्या प्रतिक्रियांना इथे अर्थ नाही. छायाचित्रे दुसरीकडून उचललेली नाहीत ना, हे चित्रशोधाने तपासा आणि घड्याळाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून एक नवे छायाचित्र मागा. ‘बाहेर व्यवहार करू, थोडे स्वस्त देतो’ असे सुचवणाऱ्याला नम्रपणे नकार द्या, कारण संकेतस्थळाबाहेर पैसे दिले की खरेदीदाराचे संरक्षण संपते. परत करण्याची मुदत लेखी घ्या. पाठवणी विम्यासह हवी, आणि सीमाशुल्क व कर कोण भरणार हे आधीच ठरवा. पट्टा मगरीच्या कातड्याचा असेल, तर तो काढूनच पाठवायला सांगा: १९७५ पासून लागू असलेल्या सायटिस या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे असे कातडे परवान्याविना सीमेपार नेता येत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षे जुन्या पट्ट्यापायी घड्याळ अडकून पडलेले मी पाहिले आहे.

तेव्हा आत्ता विक्रेत्याला एवढेच मागा: झाकणाची आतली बाजू, यंत्र, दोन्ही बाजूंनी केस, तिरप्या सूर्यप्रकाशात तबकडी, आणि चावी ओढून तारीख बदलताना व काटे फिरवताना एक छोटे चलचित्र. ज्याला घड्याळांची जाण आहे तो हे मागणे अपमान समजत नाही. तो बहुधा तासाभरात पाठवतो. टाळाटाळ झाली तर किंमत कितीही मोहक असो, सोडून द्या. या मॉडेलची घड्याळे भरपूर बनली आहेत, दुसरे नक्की मिळेल.

घेतलेच, तर खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवा, आणि परतीची मुदत संपण्याआधी घड्याळ तुमच्या घड्याळजीकडून उघडून तपासून घ्या. नुसते मनगटावर मिरवण्यात ते दिवस घालवू नका. झाकणावर काहीही लिहिलेले असले तरी पाण्यापासून दूर ठेवा, कारण साठ वर्षांचे रबरी कडे पाणी अडवत नाही, आणि नवे घातले तरी केसचा झिजलेला काठ तसाच राहतो. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेची चाके गुंतलेली असतात. झाकणाच्या आतला क्रमांक हाती आला की मला कळवा. तो १६६ ने सुरू होतो की १६५ ने, एवढे समजले तरी पुढचे बोलणे सोपे होईल.